रित्या पोटाचा डास

माणसाचा नाश त्याच्या तोंडातूनच होतो, असं थोरामोठ्यांनी सांगून ठेवलं आहे. बोलून होतो, खाऊन होतो, पिऊन होतो, वाट तीच. संग्राहकाला हे वचन शाळेपासून पाठ होतं, म्हणून तो जन्मभर मोजकं बोलला, बेताने जेवला आणि पिण्याच्या भानगडीत पडलाच नाही. मंगळवारी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी त्याच्या तोंडातून आत गेला तो डास होता.

संग्राहक म्हणजे कीटक संग्राहक, श्रेणी दोन. श्रेणी एकचा माणूस निवृत्त झाला तेव्हा ते पद कुठे गेलं हे कुणालाच ठाऊक नाही. दोन तेवढी उरली. काम असं, की ज्या घरात हिवतापाचा रुग्ण निघाला त्या घरी उजाडता उजाडता जायचं, पंधरा मिनिटं बॅटरीच्या उजेडात भिंती, कपाटामागच्या फटी, टांगलेले कपडे धुंडाळायचे आणि रात्रभर रक्त पिऊन सुस्तावलेले डास तोंडाने ओढून पकडायचे. तोंडाने म्हणजे अगदी तोंडानेच. वीतभर काचेच्या नळीला रबरी नळी जोडलेली असते. रबराचं टोक दातांत धरायचं, काचेचं टोक डासावर न्यायचं आणि अल्लद श्वास ओढायचा, की डास काचेत. काच आणि रबर यांच्या सांध्यात बारीक जाळीचा तुकडा असतो, म्हणून डास काचेतच राहतो. सव्वीस वर्षं राहिला होता.

शिंप्याची खोली तळमजल्यावर होती. खिडकीशी मशीन, दोरीवर बाह्या न लावलेले शर्ट ओळीने टांगलेले, आणि कोपऱ्यातल्या खाटेवर दोन गोधड्यांखाली खुद्द शिंपी, तापाचा पाचवा दिवस. त्याच्या बायकोला सातवा महिना होता. ती कमरेवर हात ठेवून, शाळेत तपासणीला साहेब आल्यावर मुलं उभी राहतात तशी उभी होती. खिडकीतून शेजारचा खड्डा दिसत होता. एका मोठ्या इमारतीचा पाया म्हणून खणलेला आणि मग कसल्याशा भांडणापायी तसाच सोडलेला तो खड्डा आता चांगला तलाव झाला होता. त्यात अळ्या आहेत हे अख्ख्या गल्लीला ठाऊक होतं. ठेकेदाराचं म्हणणं एवढंच, की अळ्या माझ्या असतील, पण तुमचा ताप माझा कशावरून? गल्लीत तीन आजारी पडले तरी त्याचं म्हणणं कायम होतं. त्याला उत्तर द्यायचं तर रुग्णाच्या घरात पकडलेला, लाळेच्या ग्रंथींत जंतू सापडलेला एक डास लागत होता. तो सापडला की नोटीस, आणि नोटीस गेली की तीन दिवसांत खड्डा कोरडा.

आणि तो डास चौथ्या शर्टाच्या पाठीवर बसला होता. साधा डास भिंतीला समांतर, पोक काढून बसतो. हा डोकं खाली आणि शेपूट वर करून, तिरका बसला होता. हिवतापाचा डास असाच बसतो, वाकून नमस्कार केल्यासारखा. पोट तट्ट फुगलेलं, काळपट लाल. संग्राहकाने श्वास ओढला. काचेत काही दिसलं नाही. जिभेच्या मागे मात्र काहीतरी होतं, नसल्यासारखं, शिवणाचा दोरा चावून तोडताना तोंडात राहतो तसं. आणि खोकावं की थुंकावं हे ठरायच्या आत घशाने आपलं काम केलं.

"काय झालं हो काका?" बायको म्हणाली. "मिळाला का?"

"मिळाला," तो म्हणाला. त्यात खोटं काहीच नव्हतं. वहीत घराच्या नंबरासमोर शाईने 'एक' लिहून तो बाहेर पडला.

गल्लीच्या तोंडाशी हातपंप होता. तिथे त्याने सहा वेळा चूळ भरली, सांधा उघडून पाहिला. जाळीचा तुकडा कुजून एका बाजूने सुटला होता, माशीच्या पंखाएवढी फट. ठीक आहे, तो स्वतःला म्हणाला. एरवी लोकांना हिवतापावर व्याख्यान देताना लावायचा त्याच आवाजात. जंतू डासाच्या लाळेतून आपल्या रक्तात जातात, त्यासाठी डास चावावा लागतो. आपण त्याला चावलोय, तेही नीट नाही. पोटातल्या आम्लात त्याचं काय उरणार? इथवर व्याख्यान छान चाललं होतं. मग जीभ आपण होऊन डावीकडे मागे गेली आणि खळग्यात शिरली. तिथली दाढ त्याने शनिवारी काढली होती. जखम अजून ओली होती, मिठाची चव येत होती. दातांच्या डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं, आठवडाभर तोंडाने काही ओढायचं नाही, जखम उघडते. त्याला वाटलं होतं ते सरबताबद्दल बोलतायत. सव्वीस वर्षांत आपण पोटासाठी तोंडाने काहीतरी ओढतो हे त्याच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. हिवताप विभागाच्या माहितीपत्रकात बारा प्रश्न होते आणि बारा उत्तरं. 'तोंडात उघडी जखम असताना जंतू असलेला डास तिथून गेल्यास काय होते' हा तेरावा प्रश्न कुणी विचारलेला नव्हता, कारण असं करणारा माणूस अजून जन्मायचा होता; किंवा जन्मला होता आणि विचारायला उरला नव्हता. पंपाच्या दांड्यावर हात ठेवून तो उभा राहिला आणि जीभ खळग्यातून बाहेर काढायचा प्रयत्न करू लागला. ती निघाली, अर्ध्या मिनिटाने परत आत गेली.

पुढचं घर एका बँकेतल्या कारकुनाचं. तिथे आठवड्यापूर्वी ताप येऊन गेलेला, आता सगळे ठणठणीत. न्हाणीच्या दाराआड एकच डास मिळाला, तोही तिरका बसणारा, पण उपाशी, पोट चपटं, बहुधा त्याच रात्री जन्मलेला. कोरं करकरीत जनावर. संग्राहकाने सांध्यात रुमालाची चिंधी कोंबून तो ओढला, कुपीत सोडला, कापसाचा बोळा लावला आणि चिठ्ठी चिकटवायला पेन काढलं. वहीत शिंप्यापुढे एक होता आणि कुपी नव्हती. इथे कुपी होती. पुढे काय घडलं ते त्याने ठरवून केलं असं म्हणता येणार नाही. हाताने शिंप्याच्या घराचा नंबर लिहिला. कारकुनापुढे शून्य. शून्याला कुणी कारण विचारत नाही. शून्य म्हणजे काम चांगलं चाललंय. एकाला मात्र विचारतात, कुठाय? आणि 'गिळला' हे उत्तर देऊन ऑफिसात परत तोंड दाखवायचं, तर निवृत्तीला सहा वर्षं होती.

ऑफिसात त्या दिवशी नेहमीसारखंच होतं. पंप पाठीला लावून निघालेला फवारणीवाला दारातच भेटला, म्हणाला, "काय दादा, आज शिकार?"

"एक."

"एकच? तुम्हाला बघून पळतात का काय? बरोबर आहे म्हणा. श्रेणी दोनचं रक्त त्यांना पण चालत नाही."

हा विनोद जुना होता. पूर्वी संध्याकाळी पँट गुडघ्यापर्यंत दुमडून उघड्या पायावर येणारे डास पकडायचे असत, तेव्हाचा. संग्राहक तेव्हा खरंच कधी आजारी पडला नव्हता आणि त्याचा त्याला थोडा अभिमान होता. आता तो हसला नाही, कारण तोंड उघडायची भीती वाटली. प्रयोगशाळेचं दार लोटलेलं होतं. आत मॅडम, विभागाच्या कीटकशास्त्रज्ञ, फोनवर कुणाला तरी रागावत होत्या. दाराबाहेरच्या ट्रेमध्ये त्याने कुपी ठेवली. मागे वळला. पुन्हा वळून कुपीकडे पाहिलं. आत ते उपाशी जनावर काचेवर तिरकं बसलं होतं, नमस्कार करत.

घरी आपल्या बायकोला त्याने दुसऱ्या दिवशी सांगितलं, अर्धंच. ताटावरून दोनदा उठला म्हणून तिने खोदून विचारलं तेव्हा. ती ऐकून घेत राहिली आणि मग पदर तोंडाला लावला. "सव्वीस वर्षं डासांनी तुम्हाला खाल्लं," ती म्हणाली, "एकदा तुम्ही खाल्ला तर एवढं काय बिघडलं?" त्यालाही हसू आलं, आणि हसताना खळग्यात थंड हवा गेली. गारठ्याची एक रेघ जबड्यातून कानामागे, मानेत, पाठीच्या कण्यात उतरली. ही ती तर नव्हे? नव्हे. दुसराच दिवस. दहा ते चौदा दिवस लागतात, हे त्यानेच शेकडो लोकांना सांगितलं होतं, आणि सांगताना ती किती लांबलचक मुदत आहे हे त्याच्या कधी लक्षात आलं नव्हतं. त्याच्या थोरल्या भावाला ताप आला होता तेव्हा तो स्वतः अठरा वर्षांचा होता. एक दिवसाआड दुपारी चारला भावाला थंडी यायची, इतकी वेळेवर की आई पावणेचारला गोधड्या काढून ठेवायची. घराने त्यावर दिवस बसवून घेतले होते: एक तापाचा, एक सुटीचा. तापाच्या दिवशी संग्राहकाने गोधड्यांवर आडवं पडून भावाला दाबून धरायचं. खाली भावाचे दात वाजायचे आणि ते आपल्याच छातीत वाजतायत असं वाटायचं. "घट्ट धर रे," भाऊ म्हणायचा, "नाहीतर खाटेसकट दाराबाहेर जाईन." भाऊ गेला तो सुटीच्या दिवशी. सकाळी साडेअकरा वाजता, केस विंचरताना. म्हणून संग्राहकाने ही नोकरी धरली असं एकदोघांनी भाषणात सांगितलं होतं. तसं काही नव्हतं. जाहिरात आली होती. पण सुटीच्या दिवसाची भीती त्याच्या अंगात राहिली ती राहिलीच. काही होत नाही, सगळं ठीक आहे, अशा दिवशी तो आरशासमोर फार वेळ उभा राहत नसे.

तिसऱ्या दिवशी काही झालं नाही. चौथ्या दिवशीही नाही. खळगा भरत आला. जिभेला आता आत जायला जागा नव्हती तरी ती दारावर टकटक करून येत होती. आपल्या अंगात काय चाललं असेल याचं चित्र त्याला चांगलं काढता येत होतं, कारण ते त्यानेच फळ्यावर खडूने हजारदा काढलं होतं. आधी रक्तात नाही, यकृतात. तिथे ते गुपचूप बसतात, वाढतात, एकाचे हजार होतात, आणि माणूस तोवर भाजी निवडतो, पेपर वाचतो, जिन्यात भेटलेल्या शेजाऱ्याला 'काय, बरं आहे ना?' विचारतो. फळ्यावरचं यकृत तो नेहमी पिवळ्या खडूने काढायचा. आता बरगडीखाली हात ठेवला की तिथे पिवळं काहीतरी आहे असं वाटायचं. पाचव्या दिवशी तो वाट वाकडी करून शिंप्याच्या गल्लीतून गेला. का गेला हे त्याला सांगता आलं नसतं.

"काका, या की आत!" शिंप्याची बायको दारातूनच म्हणाली. "तुमच्या ऑफिसची चिठ्ठी आली. आमचा डास निरोगी निघाला!"

शिंपी उठून मशीनपाशी बसला होता, चेहरा मेणासारखा, पण पाय पेडलवर. "घरात एक तरी निरोगी आहे म्हणायचा," तो म्हणाला.

तिने चिठ्ठी देवासमोरचा कागद आणावा तशी दोन्ही हातांत आणली. 'आपल्या घरातून संकलित केलेल्या डासाची तपासणी केली असता ग्रंथी स्वच्छ आढळल्या.' खाली मॅडमची सही आणि विभागाचा गोल शिक्का. संग्राहकाने ती दोनदा वाचली. मग त्याची नजर फळीवर गेली. तिथे मच्छरदाणी घडी घालून, वर कापडाचे तागे ठेवून दिलेली होती.

"मच्छरदाणी का काढली?"

"गुदमरायला होतं हो आत. मी आता काही एकटी आहे का? दोघांचा श्वास एकीनेच घ्यायचा." ती हसली. "चिठ्ठी आली त्या दिवशी म्हटलं, सुटले बाई."

"लावा," तो म्हणाला.

"का?"

"असावी आपली. बरी असते."

"काका, शिक्का आहे त्याच्यावर," ती त्याला समजावत म्हणाली. घाबरट माणसाला समजावतात तसं. आणि तो, ज्याला माहितीपत्रकातला सातवा प्रश्न झोपेतही म्हणता आला असता (गरोदर स्त्रीला हिवताप झाल्यास? उत्तर: आई व बाळ दोघांच्याही जिवाला धोका), तो आपल्या बुटांकडे बघत "बरं, येतो" म्हणून निघाला.

पुढच्या पाच दिवसांत भीतीला दोन तोंडं फुटली आणि दोन्हींना एकाच वेळी खायला घालणं त्याला जमेना. आपल्या अंगात काय पिकतंय हे चाचपून झालं की दुसरी सुरू व्हायची: ती खिडकी, तो खड्डा, उघडी खाट. एकदा त्याने मॅडमच्या दारापर्यंत जाऊन शिपायाला फक्त वेळ विचारली. एकदा शिंप्याच्या गल्लीच्या तोंडाशी जाऊन पंपावर हात धुतले. मच्छरदाणीचे फायदे सांगणारं पत्रक त्याने शिंप्याच्या दाराखालून सरकवलं; दुसऱ्या दिवशी जाता जाता पाहिलं तर तिने ते खिडकीच्या फुटक्या काचेला चिकटवलं होतं. आपण सांगितलं नाही तर काय होईल हे त्याला ठाऊक होतं, आणि सांगितलं तर काय होईल हेही. वाईट हे, की रोज सकाळी दाढी करताना तो या दोन गोष्टी तराजूत घालायचा, आणि पहिलं पारडं इतकं जड असूनही काटा मधेच थरथरत राहायचा. वजन करणाराच भ्यालेला असला की असं होतं. अकराव्या दिवशी सकाळी अंघोळ करून बाहेर आला तर अंगावर काटा उभा. थंडी होती का? हवेत नव्हती. तो शर्टाची बटणं लावत होता आणि बटणं हलत होती. आता आपली वेळ आली असेल तर आली, असं त्याला वाटलं, आणि या विचाराने जो धीर आला तो धीर नव्हताच. हातातलं ओझं टाकून पळणाऱ्याला हलकं वाटतं, तसं ते होतं. त्याने नळीच्या सांध्यात नवी जाळी बसवली, तीन वेळा ओढून पाहिली आणि निघाला.

"ताई, त्या चिठ्ठीतला डास तुमचा नव्हता," दारातच तो म्हणाला.

"म्हणजे?"

"तुमचा मी गिळला."

मशीन थांबलं. "काय केलं?" शिंपी म्हणाला.

"गिळला. चुकून. आणि तुमच्या नावावर दुसऱ्या घरचा पाठवला. उपाशी होता तो. त्याच्यात काही सापडणारच नव्हतं."

शिंपी फिस्सकन हसला. "अहो, चुकून कसा? डास म्हणजे काय सुपारी आहे?" बायकोही हसायला लागली, पोट धरून, खाटेच्या कडेवर टेकून, डोळ्यांत पाणी येईतो. संग्राहक उभा होता. मग ती हसता हसता थांबली आणि अंगठा बोटांच्या पेरांवर ठेवत मोजू लागली. करंगळीवरून अनामिकेवर, अनामिकेवरून मधल्या बोटावर.

"आठ रात्री," ती म्हणाली.

ती उठली, तागे एका हाताने खाली ढकलले, मच्छरदाणी ओढून काढली आणि सकाळचे आठ वाजलेले असताना खाटेवर बांधायला लागली. तिसरी गाठ बसेना. शिंपी मदतीला उठला तर म्हणाली, "राहू दे. चप्पल घाल. आधी दवाखान्यात चल, माझं रक्त दाखवून येऊ."

तेवढ्या वेळात संग्राहकाने टांगलेले शर्ट धुंडाळले. एक सापडला. तिरका, डोकं खाली, पोट तट्ट. त्याने ओढला. या वेळी काचेत राहिला. कुपीत सोडून त्याने तो खिडकीच्या उजेडात धरला. रक्त ताजं होतं, रात्रीचंच, लालभडक. खाटेवर झोपणारी दोन माणसं होती. हे रक्त त्यांतल्या कोणाचं, ते कुपीबाहेरून दिसत नव्हतं. बाहेर पडताना तिने त्याला काका म्हटलं नाही.

ऑफिसपर्यंतचा रस्ता वीस मिनिटांचा. कुपी मुठीत धरून तो चालत होता आणि मुठीत काहीतरी बारीक वाजत होतं. डास की त्याचाच हात, हे कळत नव्हतं. प्रयोगशाळेत शिरताना त्याने दार वाजवलं नाही. मॅडम एकट्याच होत्या, नोंदी लिहीत बसलेल्या. त्याने उभ्या उभ्याच सगळं सांगितलं: दाढ, कुजलेली जाळी, हातपंप, कारकुनाचा डास, चिठ्ठी, आठ रात्री. सांगताना दात दातांवर आपटत होते, शब्दांचे तुकडे पडत होते, आणि घट्ट धरायला कुणी नव्हतं. तो थांबल्यावर मॅडम उठल्या, दाराशी गेल्या आणि पंख्याचं बटण बंद केलं. डोक्यावरचा पंखा गरगरत मंद झाला, थांबला. थोड्या वेळाने त्याचे दातही थांबले.

"बसा," त्या म्हणाल्या.

तो बसला नाही. "मॅडम, माझं काय करायचं ते करा. मेमो द्या, काही द्या. पण हा आत्ता बघा. तिला आठवा लागेल आता. ह्याच्यात निघाले तर आजच नोटीस काढता येईल."

मॅडमनी कुपी घेतली, उजेडाकडे धरली. "भरलेला आहे," म्हणाल्या. मग ती हातात तशीच धरून टेबलाच्या टोकाला गेल्या, सूक्ष्मदर्शकावरचं प्लॅस्टिकचं आवरण वर उचललं आणि पुन्हा होतं तसं खाली सोडलं. त्याच्या शेजारी मोठा ट्रे होता. त्यात ओळीने कुप्या होत्या, प्रत्येकीवर संग्राहकाच्या अक्षरातली चिठ्ठी, बोळे जसेच्या तसे. कारकुनाचा डासही तिथेच होता, वाळलेला.

"मागच्या चिठ्ठ्या?" त्याने विचारलं. "ग्रंथी स्वच्छ म्हणून?"

"लोक विचारायला येतात," मॅडम म्हणाल्या. "काहीतरी लिहावं लागतं."

सूक्ष्मदर्शकाचा बल्ब दीड महिन्यापूर्वीच गेला होता.